वाकावे कोणापुढे?

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या सभागृहात भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



ज्या संस्थेने साठ वर्षे पूर्ण केली, तिच्या मेळाव्यात गौरवाची भाषणे व्हावीत हे स्वाभाविक आहे. आज सकाळपासून ती झाली आणि ती ऐकताना आम्हां शिक्षकांची मने भरून आली. संयोजकांनी माझ्याकडे जो विषय सोपवला आहे, तो मात्र या प्रसंगाला थोडा विसंगत वाटण्याचा संभव आहे. 'ख्रिस्ती जीवनातील गर्व आणि नम्रता' असा तो विषय. गौरवाच्या दिवशी गर्वाविषयी बोलणे हे लग्नघरात पथ्यपाण्याचा विषय काढण्यासारखे आहे. परंतु थोडा विचार केल्यावर मला असे वाटू लागले की, पथ्याची आठवण करून द्यायची तर ती पंगतीच्या वेळीच करून दिली पाहिजे.

ही शाळा एका ख्रिस्ती संस्थेने सुरू केली. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत. त्यांनी हे भाषण परके समजू नये, अशी माझी विनंती आहे. गर्व हा विकार कोणत्याही एका धर्माच्या वाट्याला आलेला नाही आणि नम्रतेची शिकवण मराठी मनाला आपल्या संतांकडून पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेली आहे. ख्रिस्ती श्रद्धेने या प्रश्नाकडे कसे पाहिले, एवढेच मी माझ्या मगदुराप्रमाणे मांडणार आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे बोलते, कारण मी मूळची भाषेची शिक्षिका आहे. आपण हिंदी भाषक नगरात राहतो. मुले घरी मराठी बोलतात, वर्गात मराठी शिकतात आणि शाळेचे फाटक ओलांडले की हिंदीत शिरतात. त्यामुळे निबंधाच्या वह्यांत दरवर्षी एक वाक्य हमखास सापडते : 'मला माझ्या देशाचा गर्व आहे.' मराठीच्या बाई 'गर्व' या शब्दाखाली लाल रेघ ओढतात आणि तेथे 'अभिमान' असे लिहितात. तेच मूल हिंदीच्या तासाला 'अभिमान' लिहू लागले, की हिंदीचे सर तेथे 'गर्व' हा शब्द सुचवतात. मराठीत अभिमान चांगला आणि गर्व वाईट. हिंदीत बहुधा गर्व चांगला आणि अभिमान म्हणजे घमेंड. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारच्या, आणि तरीही चांगल्या-वाईटाचे वाटप नेमके उलटे!

यात मुलांचा दोष नाही. शब्दांची ही अदलाबदल आपल्याला एक खरी गोष्ट सांगते. या दोन भावनांमधली सीमारेषा इतकी पुसट आहे की, दोन भाषांनादेखील तिच्याविषयी एकमत करता आलेले नाही. आईवडिलांचा, गावाचा, शाळेचा, भाषेचा अभिमान वाटणे चांगले, असे आपण मानतो. तो अभिमान गर्व कधी होतो, हे शब्दकोशात पाहून कळत नाही. त्यासाठी दुसरी काहीतरी कसोटी लागते.

ती कसोटी मला लूककृत शुभवर्तमानातल्या एका दृष्टान्तात सापडते. एक परूशी आणि एक जकातदार प्रार्थनेसाठी मंदिरात जातात. परूशी हा धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथातला सज्जन गृहस्थ. जकातदार हा परक्या सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि म्हणून लोकांच्या तिरस्काराचा विषय झालेला माणूस. परूशी आपल्या प्रार्थनेत देवाचे आभार मानतो. आपण आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, असे तो सांगतो. हे वाचताना एक गोष्ट आपल्या ध्यानातून निसटते. तो खोटे काहीच बोलत नाही. त्याचा उपास खरा आहे आणि त्याचे दानही खरे आहे. त्याची चूक आहे ती एवढीच की, देवापुढे उभा असताना तो शेजारच्या माणसाकडे पाहतो आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याबद्दल समाधान मानतो. आपली उंची मोजण्यासाठी त्याला दुसऱ्याचे बुटकेपण लागते. जकातदार मात्र मान खाली घालून केवळ दया मागतो. देवाने स्वीकारला तो जकातदार, असे प्रभू येशू सांगतात.

गुणांची जाणीव असणे हा गर्व नाही, असा याचा अर्थ मला दिसतो. ते गुण तराजूत घालून समोरच्या पारड्यात दुसऱ्या माणसाला बसवणे हा गर्व. आणि म्हणूनच न्यूनगंड हादेखील नम्रतेचा भाऊ नाही. तो गर्वाचाच सख्खा भाऊ आहे. तराजू तोच असतो, फक्त या खेपेला आपले पारडे वर गेलेले असते. 'मी किती लहान' असे सतत म्हणणारा माणूसही दिवसभर स्वतःलाच मोजत असतो. नम्र माणसाने तराजूच खाली ठेवलेला असतो.

तो खाली कसा ठेवावा, याचे उत्तर योहानकृत शुभवर्तमानात आहे. प्रभू येशूंच्या अखेरच्या भोजनाचा तो प्रसंग आहे. धुळीच्या रस्त्यांवरून पायी चालत आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे त्या काळी घरातल्या दासाचे काम होते. गुरू जेवणावरून उठतात, कमरेला रुमाल बांधतात आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतात. योहान हा प्रसंग सांगण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून नमूद करतो. आपण देवापासून आलो आहोत आणि देवाकडे जाणार आहोत, हे येशूंना पूर्णपणे ठाऊक होते. ते ठाऊक असताना ते उठले. स्वतःचे मोल ठाऊक नसलेला माणूस वाकायला भितो. वाकलो तर उरलीसुरली किंमतही जाईल, असे त्याला वाटते. ज्याला आपले मोल ईश्वराकडून मिळाले आहे, त्याचे वाकल्याने काहीच जात नाही. संत पौलानेही फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचे वर्णन याच दिशेने केले आहे. जे मोठेपण जन्मतःच त्यांचे होते, ते घट्ट धरून न ठेवता त्यांनी दासाचे रूप घेतले, असे तो म्हणतो.

ही शिकवण ऐकायला गोड आहे. ती जगताना काय होते, हे पाहण्यासाठी मी आज आपणांपुढे एका मराठी स्त्रीचे चरित्र ठेवणार आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपणां सर्वांना परिचित आहे; शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन, स्त्रीशिक्षण या संदर्भांत ते आपण वाचले आहे. मी त्यांच्या आयुष्यातील केवळ तीन प्रसंग निवडते, कारण गर्वाशी त्यांची गाठ तीन वेळा, तीन निराळ्या रूपांत पडली.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या माणसांना रमाबाई आणखी एका कारणाने जवळच्या वाटाव्यात. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पंडित. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. हे कुटुंब पुराणे सांगत भारतभर तीर्थयात्रा करीत राहिले. कानडी, हिंदुस्थानी, बंगाली या भाषा रमाबाईंच्या कानांवर प्रवासात पडल्या. मराठी मात्र त्यांना आईवडिलांच्या तोंडून मिळाली. महाराष्ट्रात राहायला त्या आल्या १८८२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यांची मराठी ही घराने सांभाळलेली मराठी होती.

पहिला प्रसंग दुष्काळाचा. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना दक्षिणेत हे कुटुंब अन्नान्नदशेला लागले. भांडीकुंडी, दागिने विकून झाले. शेवटी रानातली पाने खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, मग आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे पुष्कळ वर्षांनी, १८९७ साली, रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिले, तेव्हा त्यांनी दैवाला किंवा पावसाला दोष देऊन विषय संपवला नाही. आपल्या कुळाचा आणि विद्येचा गर्व आडवा आला, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हलके समजले जाणारे काम करणे किंवा हात पसरणे कुटुंबाच्या प्रतिष्ठेला मानवले नाही. हाताने करण्याचा एखादा धंदा शिकून घेतला असता, तर आईवडिलांचे प्राण कदाचित वाचले असते, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय आहे.

पालकहो, एका मुलीने आपल्या मृत आईवडिलांविषयी असे लिहिणे किती कठीण असेल, याची कल्पना करा. त्यांच्यावर तिचे अपार प्रेम होते. ज्या विद्येमुळे जग तिला ओळखत होते, ती त्यांनीच तिला दिली होती. तरीही जे दिसले ते तिने लिहिले, आणि लिहून ती थांबली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींसाठी केडगावला जे उभे राहिले, त्यात अक्षरओळखीबरोबर शेती होती, दुभती जनावरे होती, विणकाम होते, शिवण होती, छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे मुली करू लागल्या. पुराणिकाच्या मुलीने हातांच्या कामाला विद्येच्या पंगतीत बसवले. वडिलांच्या घरी गर्वाने जे शिकू दिले नव्हते, ते तिने दुसऱ्यांच्या मुलींना शिकवले.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधला आहे, आणि तो पहिल्याच्या अगदी उलट आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिन बिहारी मेधावी गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथल्या धर्मभगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज प्रसिद्ध आहे आणि तो वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

नव्या ख्रिस्ती रमाबाईंकडून त्या मंडळींची अपेक्षा होती मुकाट्याने ऐकण्याची. रमाबाई मात्र प्रश्न विचारीत. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांच्या शंका होत्या; त्या त्यांनी लपवल्या नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे भारतातील बिशपांचे मत पडले, तेव्हा आपण मायदेशी पुरुषांपुढे उघडपणे व्याख्याने दिली आहेत, हे त्यांनी निक्षून सांगितले. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू आपण मानेवर घेणार नाही, हेही त्यांनी लिहिले. त्या मांस खात नसत, अंडे घातलेले पदार्थ खात नसत. त्यातही तेथील लोकांना जुना जातीचा गर्व दिसला. एका क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरली होती, तेव्हा आमच्या संस्कृतात असे काय कमी आहे, की ब्राह्मणांना संस्कृतविषयी जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनविषयी वाटते, असा प्रश्न त्यांनी विचारला.

या सगळ्याला तेव्हा नाव मिळाले ते गर्वाचे. रमाबाई अहंमन्य आहेत, हट्टी आहेत, त्यांच्यात लीनता नाही, असे त्यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांनीच म्हटले. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. ख्रिस्ती इतिहासात आणि आपल्या सर्वांच्या घरांतही 'नम्र हो' हे वाक्य पुष्कळदा वरच्याने खालच्याला ऐकवलेले आहे. गोऱ्याने काळ्याला, पुरुषाने स्त्रीला, सासूने सुनेला, गुरूने शिष्याला. तसे ऐकवताना सांगणाऱ्याला बहुधा नम्रता नको असते, त्याला आज्ञापालन हवे असते. रमाबाईंनी हा फरक ओळखला होता. आपली सदसद्विवेकबुद्धी ही देवाने दिलेली ठेव आहे आणि ती कोणा माणसाच्या हवाली करण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही त्यांची भूमिका होती. दिलेली ठेव जपणे हा गर्व कसा होईल?

तरीही एक शंका उरते. खरोखरीच त्या गर्विष्ठ असतील तर? सत्तेपुढे ताठ उभा राहणारा प्रत्येक माणूस नम्र असतोच असे नाही. कित्येकदा तो केवळ ताठ असतो. याचा निकाल इंग्लंडमध्ये लागू शकत नव्हता. तो पुढे केडगावात लागला, आणि तोच माझा तिसरा प्रसंग.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत नव्याने आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. मराठीत भाषांतर आधीपासून होतेच. पण त्यातले कितीतरी शब्द संस्कृतप्रचुर असल्याने आपल्या आश्रमातल्या मुलींना आणि खेड्यातल्या बायकांना ते कळत नाहीत, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी साधे, बोलीतले शब्द शोधले. या कामाला त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ दिला. नवा करार आधी निघाला. १९२१ साली मनोरमा गेली, जी एकुलती एक मुलगी आणि कामातली उजवा हात होती. रमाबाईंचे काम सुरूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. अक्षरे जुळवली आणि पाने छापली ती आश्रमातल्या स्त्रियांनी.

या कामाचे स्वरूप नीट पाहा. लहान वयात भागवताचे हजारो श्लोक जिने मुखोद्गत केले, संस्कृतावरच्या प्रभुत्वासाठी जिला 'सरस्वती' म्हटले गेले, तीच स्त्री एकेक संस्कृत शब्द बाजूला ठेवीत होती. कारण पलीकडे बसलेल्या दुष्काळातून आलेल्या मुलीला तो समजणार नव्हता. ज्या संस्कृतासाठी त्या इंग्लंडमध्ये ताठ उभ्या राहिल्या, तेच संस्कृत त्यांनी केडगावात एका अशिक्षित बाईसाठी आनंदाने खाली ठेवले. पंडिताला आपले पांडित्य विसरणे सोपे असेल. पण ते पणाला लावून साधे लिहिणे फार कठीण असते. साधे लिहिणाऱ्याला कोणी विद्वान म्हणत नाही.

आणि तसेच झाले. त्यांच्या भाषांतराची वाक्यरचना काहींना ओबडधोबड वाटली; मंडळ्यांच्या उपासनेत ते सर्वत्र रूढ झाले नाही. एवढ्या वर्षांच्या श्रमांचे फळ जगाच्या हिशेबाने बेताचेच म्हणावे लागेल. ते काम पूर्ण झाले एवढे खरे, आणि ज्यांच्यासाठी केले त्यांच्या हातांनी झाले, हेही खरे.

हे तीन प्रसंग एकत्र ठेवले की या भाषणाच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. वाकावे कोणापुढे? जगाची रीत अशी की वरच्यांपुढे कणा मऊ ठेवावा आणि खालच्यांपुढे ताठ. साहेबांपुढे नमस्कार आणि शिपायापुढे दरारा, यालाच आपण व्यवहार म्हणतो. रमाबाईंनी ही रीत उलटी केली. बिशपांपुढे त्या ताठ राहिल्या आणि अनाथ मुलीपुढे वाकल्या. पाय धुणाऱ्या गुरूची ही खरी शिष्या होती. तेच प्रभू येशू सुभेदार पिलातापुढे उभे असताना गयावया करीत नाहीत, हे आपण विसरू नये.

आता पाय धुण्याच्या त्याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारख्या संस्थांना विशेष लागू आहे. पेत्राची पाळी आली तेव्हा त्याने पाय मागे घेतले. गुरूंनी आपले पाय धुवावेत हे त्याला मान्य नव्हते. वरवर पाहता ही केवढी नम्रता! परंतु येशूंनी ती स्वीकारली नाही. मला धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध उरणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. देण्यात एक मोठेपणा असतो. घेण्यात तो नसतो. म्हणून जन्मभर सेवा करणाऱ्यांना दुसऱ्याकडून घेणे जड जाते. सेवाभावी संस्थांचा गर्व बहुधा याच दारातून आत येतो. आम्ही ज्ञान दिले, आम्ही घडवले, आम्ही उद्धार केला, ही भाषा हळूहळू जिभेवर बसते.

या शाळेने साठ वर्षे दिले, असे आज अनेकांनी सांगितले. मी नम्रपणे दुसरी बाजू मांडते. या शाळेने साठ वर्षे घेतले आहे. पहिल्या वर्षी इमारत नव्हती तेव्हा वर्ग भरवायला ज्यांनी घराच्या ओसऱ्या दिल्या, त्यांच्याकडून घेतले. परक्या गावात बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांनी आपली मुले विश्वासाने आमच्या हाती दिली, ती घेतली. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नव्हती, त्या शेजारपाजारच्या मुलांनी आमच्या मराठीला नवे कान दिले, नवे उच्चार दिले, तेही आम्ही घेतले. घंटा देणाऱ्या मामांनी आणि फरशी पुसणाऱ्या मावशींनी जे दिले, त्याची तर कोणत्याही वहीत नोंद नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जण मघाशी व्यासपीठावर येऊन अभिमानाने म्हणालात की, मराठी माध्यमात शिकूनही आम्ही कोठे कमी पडलो नाही. तुमचे कर्तृत्व पाहून आमचे डोळे भरून आले. फक्त त्या 'शिकूनही'मधला 'ही' मला बोचला. त्यात तो तराजू अजून हातात आहे. पालकांमध्येही मला तोच तराजू दिसतो. पहिलीच्या वर्गात पूर्वीसारखी गर्दी होत नाही. मुलाला मराठी शाळेत घालतो आहोत, हे सांगताना काहींचा आवाज उतरतो. या उतरलेल्या आवाजाला विनय समजण्याची चूक आपण करू नये. भाषा ही आपण कमावलेली वस्तू नाही; ती आईच्या तोंडून मिळाली. मिळालेल्या वस्तूची लाज धरणे जितके चुकीचे, तितकेच तिच्या जोरावर दुसऱ्या भाषेला तुच्छ लेखणेही चुकीचे. आपल्या मुलांना आपण मराठी द्यावी ती जपायची ठेव म्हणून, हिंदीवर किंवा इंग्रजीवर उगारायची काठी म्हणून नव्हे.

शेवटी एक प्रत्यक्ष प्रश्न आहे आणि तो मी या सभेपुढे मोकळेपणाने मांडते. माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाने मोठ्या औदार्याने सुचवले आहे की, हीरक महोत्सवाची आठवण म्हणून प्रवेशद्वाराशी संगमरवरी फलक बसवावा. त्यावर साठ वर्षांत शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांची आणि देणगीदारांची नावे कोरावीत. या सूचनेमागचे प्रेम मी जाणते. निर्णय समितीचा आहे आणि जो होईल तो मला मान्य राहील. तरी मुख्याध्यापिका म्हणून माझे मत मी उघड सांगते. हा फलक बसवू नये, असे मला वाटते.

त्याचे कारण असे. फाटकातून रोज आत येणारी मुले तो फलक वाचतील. त्यांतली बहुतेक पहिली येणार नाहीत. पहिले एकच असते. दारातच त्यांना कळेल की ही शाळा कोणाची नावे लक्षात ठेवते. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, असे ज्या गुरूने सांगितले, त्याच्या नावाने चाललेल्या शाळेच्या दारात देणग्यांचे आकडे शोभणारही नाहीत. त्या रकमेतून एक कायमचा निधी करावा. ज्यांचे आईवडील बांधकामावर, गिरणीत, दुसऱ्यांच्या घरी राबतात, त्यांच्या मुलांची फी, वह्यापुस्तके आणि दुपारचे जेवण यांची सोय त्यातून व्हावी. शिवाय शाळेत एक हस्तकौशल्याचा वर्ग सुरू व्हावा. त्यात सुतारकाम, शिवण, विजेची दुरुस्ती शिकवावी आणि तो वर्ग पहिल्या येणाऱ्या मुलांनाही सक्तीचा असावा. रमाबाईंना रानातली पाने खाऊन जो धडा मिळाला, तो आपल्या मुलांना वर्गात बसून मिळाला तर बरे.

या निधीला कोणाचे नाव नसावे. देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव कळू नये आणि घेणाऱ्याला देणाऱ्याचे. म्हणजे दोघांनाही तराजू लागणार नाही.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा सुरू केली, त्यांची नावे आज सकाळी वाचली गेली. त्यांतल्या एकानेही आपले नाव भिंतीवर कोरून ठेवलेले नाही. आपण त्यांचा अभिमान बाळगतो तो त्यामुळेच, आणि मराठीतल्या त्या शब्दाचा चांगला अर्थ आपल्या हातून टिकून राहावा, एवढीच माझी प्रार्थना आहे. परमेश्वर या शाळेला आणि आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.